चुकून प्यायलं, तरी बंदी?

‘खोकल्याचं औषध तर घेतलं होतं, त्यात एवढं काय? पोराला त्यासाठी घरी बसवायचं?’ आमच्या मेडिकलच्या एका अंगाला तालीम, दुसऱ्या अंगाला क्रिकेटची नेट. त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर ठरलेला. तुम्ही परत विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगतो.

क्रिकेटपटू पृथ्वी शॉचं नाव यात निघतंच. फेब्रुवारी २०१९मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी इंदूरला उत्तेजक चाचणीसाठी त्याची लघवी तपासली, त्यात टर्ब्युटालिन हे खेळाडूंना बंदी असलेलं औषध निघालं. खोकल्याचं औषध घेतलं होतं, हेतू वाईट नव्हता, हे त्याचं म्हणणं क्रिकेट बोर्डानं मान्य केलं. तरी बंदी आठ महिन्यांची.

कफ सिरपची एखादी बाटली उलटी करून बघा. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन, टर्ब्युटालिन. पहिली दोन कफ पातळ करतात, त्यांना कुणाची हरकत नाही. तिसरं श्वासनळ्या सैल करतं. पण या जातीची औषधं मोठ्या मात्रेत घेतली तर स्नायूंवरही काम करतात, म्हणून ती बंदीच्या यादीत. त्याच कुळातल्या साल्ब्युटामॉलचा दम्याचा पंप मात्र २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो. टर्ब्युटालिन घ्यायचंच असेल तर रीतसर परवानगी लागते. हे बापाला कुठून कळणार? डॉक्टरांनाही सांगावं लागतं, की पोरगा खेळतो.

आता ‘चुकून’चं. लघवीत औषध दिसतं, मन दिसत नाही. म्हणून ‘वाडा’चा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा, नियम सरळ आहे: अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. चुकून गेलं की मुद्दाम घेतलं, याचा विचार शिक्षा किती द्यायची ते ठरवताना होतो, आणि ते पटवून खेळाडूनंच द्यायचं.

नरसिंग यादवला ते जमलं नाही. हा पैलवान तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या लघवीत मेथँडिएनोन हे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड सापडलं. कुणीतरी खाण्यापिण्यात मिसळलं, हे त्याचं म्हणणं ‘नाडा’नं, म्हणजे आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, मानलं आणि त्याला सोडलं. त्याविरुद्ध ‘वाडा’ आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेली. पाण्यात भुकटी मिसळल्यानं नव्हे, गोळी पोटात गेल्यानं एवढं प्रमाण येतं, असं तिथं तज्ज्ञानं सांगितलं. लढतीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी. खरं काय घडलं ते मला सांगता येणार नाही, पण दुसऱ्या कुठल्या नियमानं हा खेळ चालेल, तेही सुचत नाही. नुसत्या ‘मिसळलं’वर सोडायचं ठरवलं तर उद्या प्रत्येकाच्या ताकात कुणीतरी काहीतरी मिसळलेलंच निघेल.

मला राग येतो तो वेगळाच. जिममधून ‘मास गेनर’चे, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचे, बिनबिलाचे डबे येतात, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आत काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही. पोरगा अडकला की त्याचं नाव पेपरात, आणि डबा देणारा दुसऱ्या दिवशी पुढचं गिऱ्हाईक बघतो.

तेव्हा डबा इकडं घेऊन या, लेबल मी वाचून दाखवीन. लेबलच नसेल तर विकणाऱ्याकडे बिल मागा. तो नुसता हसला, तर पैसे परत मागा.