आमची वाटचाल : घरचं लाकूड, घरची दारं

चिपळूणजवळच्या आमच्या गावी, घराच्या पडवीत लाकडी दारांचं हे काम सुरू झालं. एक राउटर (फिरत्या पात्याने लाकडात खाचा आणि कडा कापणारं यंत्र), तो उलटा बसवायला प्लायचं घरीच केलेलं टेबल आणि चार क्लॅम्प, एवढंच भांडवल. त्याआधी आम्हीही प्लाय-सनमायकाचीच कामं करायचो. पण कोकणात माणसं विचारत येतात, "परसातला साग पाडलाय, फळ्या काढून ठेवल्यात. किचनची दारं कराल का?" कुणाकडे फणस असतो, कुणाकडे आजोबांनी लावलेली शिवण. असलं लाकूड सनमायक्याखाली झाकायला जीव धजत नाही. म्हणून चौकट-पॅनलची दारं, म्हणजे चार पट्ट्यांची चौकट आणि तिच्या आतल्या खाचेत बसवलेली मधली फळी, म्हणजे पॅनल.

नुसत्या फळ्या जोडून केलेलं दार आमच्या हवेत हटकून त्रास देतं. पावसात लाकूड रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आवळतं. लांबीला जवळपास तेवढंच राहतं. ३०० मिमी रुंदीचा सागाचा पॅनल वर्षभरात २-३ मिमी सहज कमी-जास्त होतो. चौकटीच्या पट्ट्या अरुंद, त्यामुळे दाराचं माप राहतं आणि पॅनल खाचेत मोकळा खेळतो. फेविकॉल फक्त चौकटीच्या सांध्यांना, पॅनलला थेंबभरही नाही. मे महिन्यात जोडलेल्या दारात फुगायला जागा सोडतो, ऑगस्टमधला पॅनल जवळजवळ खाच भरून बसवतो. शिवाय पॅनलला पॉलिश जोडणीआधीच. नाहीतर उन्हाळ्यात तो आवळला की कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडते.

मापाचं एक उदाहरण देतो. दार ४०० मिमी रुंद, उभ्या पट्ट्या ६० मिमीच्या, खाच १० मिमी खोल. मग आडवी पट्टी ४०० वजा १२० अधिक २०, म्हणजे ३०० मिमी. आडव्या पट्टीची खाचेत शिरणारी टोकं आधी कापून घडवायची, मागे टाकाऊ लाकूड धरून, म्हणजे कड फुटत नाही. पॅनलची उतरती कड काढणारं बिट, म्हणजे राउटरचं पातं, ८० मिमीच्या आसपास रुंद असतं. ते मिनिटाला १०-१२ हजार फेऱ्यांवरच चालवायचं, आणि थोडं थोडं उचलत चार-पाच वेळा फिरवून कड पुरी करायची. एका झटक्यात खोल घ्यायला आम्ही कुणालाच देत नाही. नवा मुलगा आला की आधी हे शिकतो, मग टेबलाला हात लावतो.

आता पडवीचं शेड झालंय. मुंबई-पुण्याला असलेले, गावचं घर नव्याने बांधणारे चाकरमानीही येतात. फणसाचं पिवळंधमक लाकूड बघून काहीजण रंग चढवा म्हणतात. आम्ही थांबायला सांगतो; काही वर्षांत ते आपसूक तांबूस-तपकिरी होतं, आणि तो रंग डब्यातून येत नाही.

ओल्या फळ्या आल्या तरी परत पाठवत नाही. मध्ये पट्ट्या घालून थर लावतो, इंचभर जाडी वाळायला साधारण वर्ष धरतो. गिऱ्हाईक फोन करतं, "झालं का?" आम्ही मीटरवरचा ओलावा सांगतो. १२-१४ टक्क्यांवर आला, की करवत लावतो.