गंजाचा रंग

मुंबईत रे रोडजवळच्या दारूखाना या लोखंडाच्या बाजारात मी २६ वर्षे लोखंडाचा व्यापार केला. तोडलेल्या जहाजांच्या जाड प्लेटा, अँगल, चॅनल असा माल टनाच्या भावाने घ्यायचा आणि विकायचा. गंज चढला की वजनात घट आणि भावात मार, म्हणून जून लागण्यापूर्वी मालावर ताडपत्र्या बांधून घेण्यासाठी माझी धडपड चाले. धंदा बंद करून पूर्णवेळ अमूर्त चित्रे करू लागल्यावर मात्र तोच गंज कॅनव्हासवर उतरावा, म्हणून मी दोन महिने झगडत होतो.

चार बाय पाच फुटांच्या त्या चित्रात मला रे रोड स्थानकाबाहेरचा परिसर हवा होता. गोदाम, हातगाडी, माणूस यांपैकी काहीही ओळखू येऊ नये, फक्त त्या जागेचे वजन आणि तिची धग जाणवावी, एवढीच इच्छा होती. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग आणि काळा यांचे थर मी चढवत राहिलो आणि चित्र चिखलासारखे मंद होत गेले.

जुन्या गाळ्याच्या कागदांवर सही करण्यासाठी त्या सकाळी दारूखान्यात गेलो, तेव्हा पावसाची पहिली सर नुकतीच येऊन गेली होती. शेजारच्या गाळ्यासमोर ग्राइंडर मारलेली एक प्लेट उघड्यावर राहिली होती आणि ती चांदीसारखी चमकत होती. कागदांचे काम रेंगाळले. दुपारी बाहेर आलो, तर त्याच प्लेटवर हळदीसारखे पिवळे-केशरी ठिपके उमटले होते, आणि ठिपक्यांच्या मधून खालची चमक अजून दिसत होती. बाजूची जुनी प्लेट जांभळट काळी पडली होती.

"शेठ, प्लेट घ्यायची आहे का?" ओळखीच्या हमालाने विचारले.

"नाही रे, बघतोय फक्त."

गंज वरून चढत नाही. दमट, खारी हवा लागली की लोखंडच आतून रंग बदलते. पिवळी माती, गेरू, माझ्या ट्यूबमधला बर्न्ट सिएना या सगळ्यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, हे मी वाचले होते. पण चित्र करताना तो रंग मी बाहेरून लादत होतो, हे मला त्या प्लेटसमोर कळले.

स्टुडिओत येऊन मी दोन महिन्यांचे थर पॅलेट नाइफने खरवडून काढले. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि नाइफने रंग लावत, उचलत, पुन्हा लावत; त्यांची चित्रे पाहताना मला नेहमी प्रकाश आतून येतो असे वाटले आहे, आणि तो कसा येत असावा याचा थोडा अंदाज त्या संध्याकाळी हाताला आला. राखाडी अस्तर देऊन ते वाळू दिले, कॅनव्हास आडवा ठेवला, पाणी शिंपडले आणि पिवळ्या मातीचा पातळ रंग थेंबाथेंबाने सोडला. ओल जिथे नेईल तिथे तो गेला. गेरू मी फक्त कडांना दिला.

मध्यरात्र उलटली तेव्हा डाव्या खालच्या कोपऱ्यात वीतभर राखाडी भाग कोराच राहिला होता. सकाळी तो भरून टाकण्याचा मोह झाला, म्हणून आधी ब्रश धुऊन ठेवले.