न्यू हेवनमधली लॅम क्वाची चित्रं

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून न्यू हेवनची गाडी पकडली ती येल विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयासाठी. स्टेशनपासून सीडर स्ट्रीट चालत गाठता येतो. लॅम क्वाची चित्रं पाहायची तर आधी पत्रव्यवहार करून जावं.

लॅम क्वा हा चीनमधल्या कँटनचा (आजच्या ग्वांगझूचा) चित्रकार, पाश्चात्त्य धाटणीच्या तैलचित्रांत मुरलेला. येलमध्येच शिकलेल्या पीटर पार्कर या मिशनरी डॉक्टरने १८३५ साली कँटनला डोळ्यांचा दवाखाना काढला. पण तिथे वर्षानुवर्षं वाढलेली आवाळं आणि गाठी घेऊनही माणसं येऊ लागली. त्यांची चित्रं लॅम क्वाने फुकट काढून दिली. डॉक्टर कापायचे पैसे घेत नाहीत, मग मी रंगवायचे कसे घेऊ, हे त्याचं म्हणणं पार्करने नोंदवून ठेवलंय. त्यांतली ८० हून अधिक चित्रं येलकडे आहेत.

ल्यू अकिन या बारा वर्षांच्या मुलीच्या चित्रापाशी मी बराच वेळ थांबले. ती पाठमोरी आहे. कमरेखाली भलीमोठी गाठ, आणि पाठीवर नीट घातलेली लांब वेणी. गाठ दाखवायला वेणीची काहीच गरज नव्हती. तरी लॅम क्वाने ती मनापासून रंगवली आहे. इतर चित्रांतही तेच. गाठ कितीही मोठी असो, चेहरा त्या माणसाचाच राहतो, आणि तो शांत असतो. ही शांतता मला सोसवेना, कारण तेव्हा भूल नव्हती. पार्करने भुलीसाठी ईथर वापरलं ते १८४७ मध्ये. पो अशिंग नावाच्या तरुणाचा हात त्याने १८३६ साली खांद्यापासून काढला, तो पूर्ण शुद्धीवर असताना. कापायला एक मिनिटही लागलं नाही, असं पार्कर लिहितो.

पुढे हीच चित्रं अमेरिका आणि इंग्लंडमध्ये दाखवून पार्करने मिशनसाठी पाठिंबा मिळवला. दवाखान्याने कित्येकांना नवं आयुष्य दिलं हे मान्य, पण या माणसांना आपली चित्रं कुठे मांडली जाणार हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. म्हणूनच जिथे नाव टिकलंय तिथे ते मोठ्याने वाचावं.

काही चित्रं लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या गॉर्डन संग्रहालयात आहेत. ते सर्वांसाठी खुलं नाही; परवानगीसाठी माझी खटपट चालू आहे.