खाली उतरवलेल्या जुन्या पिकअपची व्हील अलाइनमेंट : माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वी ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीजवळ राहणाऱ्या एका गृहस्थाकडून मी १९८४ सालची शेवरले सी-१० पिकअप विकत घेतली. आखूड हौदा, ११७.५ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर), इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांवर, अशी ही १९७३ ते १९८७ या काळातल्या चौकोनी तोंडाच्या पिढीतली गाडी. आधीच्या मालकाने ती हौसेने खाली उतरवली होती. टेक्सासमध्ये अशा गाड्या रोज दिसतात, आणि त्या दिसतातही देखण्या. मात्र हे काम त्याने कसे केले आहे, हे मी घेताना पाहिले नाही. पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापून त्याने गाडी साडेतीन इंच खाली आणली होती आणि मागे ॲक्सल व पाटे यांच्यामध्ये दोन इंचांचे ठोकळे घातले होते.

गाडी चालवताना दोन गोष्टी लगेच जाणवल्या. महामार्गावर सरळ जाताना स्टिअरिंगचे चाक किंचित डावीकडे कललेले असे आणि रस्त्यात उंचवटा आला की ते हातात आपोआप झटका देई. यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, हाच उपाय असणार असे समजून मी गाडी घराजवळच्या एका टायरच्या दुकानात नेली. पाऊण तासात काम झाले आणि रंगीत छापील कागद हातात आला. त्यावर टोचे, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे किती आत-बाहेर वळली आहेत त्याचे, आकडे हिरव्या रंगात होते, म्हणून मी समाधानाने पैसे भरून घरी आलो. त्याच कागदावर कॅम्बर (समोरून पाहता चाक किती आत-बाहेर कलले आहे) आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याचा अक्ष किती पुढे-मागे कलला आहे) यांचे आकडे लाल रंगात होते, हे चार हजार मैलांनंतर पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडेला तारा दिसू लागल्या तेव्हा मी नीट वाचले. डावीकडे कॅम्बर उणे २.१ अंश, उजवीकडे उणे १.६, कॅस्टर अनुक्रमे अधिक ०.६ आणि १.३. थोडक्यात, दुकानाने टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणारे दांडे) फिरवून टो तेवढा जुळवला होता आणि बाकीचे जसे होते तसे छापून दिले होते.

दुसऱ्या दुकानात गाडी रॅम्पवर चढेचना, कारण पुढच्या बंपरखालची पट्टी रॅम्पच्या तोंडाला घासू लागली. तिथल्या व्यवस्थापकाने नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगितले की उंची बदललेल्या गाड्यांना ते हात लावत नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. निदान त्यांनी पैसे घेऊन हिरवा कागद दिला नाही.

त्या रविवारी कोल्हापूरला आप्पांना व्हिडिओवर फोन केला. आप्पांचे सारे आयुष्य शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेले आहे. पिकअप त्यांना ठाऊक नाही, पण माप ठाऊक आहे. मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि म्हणाले, “मशीन माप दावतंय रे. नट कुणी फिरवला?” मी गप्प राहिलो. “आधी चाक हलवून बघ. प्ले असंल तर माप घेऊन उपेग न्हाई. आणि मागनं दोरी लाव.”

त्याप्रमाणे मी गाडी वर घेतली. इथे एक बाब सांगण्यासारखी आहे. या गाडीत पुढचे प्रत्येक चाक वर-खाली हलणाऱ्या दोन आर्मनी चासीला जोडलेले असते, आणि आर्मच्या टोकाला बॉल जॉइंट म्हणजे गोळ्याचा सांधा असतो. पुढच्या स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर असतो, त्यामुळे जॅक चासीखाली न लावता खालच्या आर्मखाली, शक्य तितका चाकाच्या जवळ लावला तरच खालच्या बॉल जॉइंटवरचा भार उतरतो आणि त्याचा खरा प्ले, म्हणजे ढिलाई, हाताला कळतो. चासी उचलली तर स्प्रिंग आर्मला खाली दाबून ठेवते आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. डावीकडचा खालचा जॉइंट स्पष्ट हलत होता. स्टिअरिंगच्या दांड्यांना आधार देणारा आयडलर आर्म हाताने वर-खाली होत होता. वरच्या आर्मचे रबरी बुश सुकून तडकले होते. एवढ्या ढिलाईत टो जुळवणे म्हणजे हलत्या टेबलावर रेघ मारण्यासारखे होते.

मग दोरी. चासीला दोन्ही बाजूंना समोरासमोर एकाच जागी एकसारखे भोक आहे. तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण केली, मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांखालीही तशीच केली आणि दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. डावीकडचे अंतर उजवीकडच्यापेक्षा ३/८ इंचाने जास्त भरले, म्हणजे मागचे डावे चाक तेवढे मागे होते. मागचा ॲक्सल असा तिरका बसला की तो गाडीला एका बाजूला ढकलत राहतो आणि सरळ जाण्यासाठी पुढची चाके त्याच दिशेला वळवून धरावी लागतात. स्टिअरिंग डावीकडे का कलते, याचे उत्तर पुढच्या चाकांत नव्हतेच. डाव्या ठोकळ्याची मधली पिन आपल्या भोकात बसलेली नव्हती. भोक लांबट झाले होते आणि ॲक्सल पाट्यांवर सरकला होता. पहिल्या दुकानाने मागे पाहिलेच नव्हते.

आता प्रश्न पुढच्या उंचीचा होता. स्प्रिंग कापली की गाडी खाली येते, पण ती आर्मचा कोन बदलून खाली येते. या गाडीत वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब असल्यामुळे चाक चासीच्या तुलनेत जसजसे वर जाते, तसतसा वरचा आर्म चाकाचा माथा आत ओढतो, आणि हाच तो उणे कॅम्बर. टाय रॉडही त्याच प्रमाणात तिरपे होतात, म्हणून उंचवट्यावर टो बदलतो आणि स्टिअरिंग झटका देते. शिवाय पुढची बाजू मागच्यापेक्षा दीड इंच जास्त उतरल्यामुळे संपूर्ण चासी पुढे झुकली होती. ११७.५ इंचांच्या लांबीवर दीड इंच म्हणजे सुमारे पाऊण अंश, आणि तेवढा कॅस्टर नुसत्या झुकण्यानेच गेला होता. या पिढीच्या पिकअपच्या कारखाना-पुस्तिकेत कॅस्टरचा एकच आकडा दिलेला नसतो. आधी चासी आणि आर्मच्या रबरी आडणीचा (आर्म फार वर गेला तर त्याला अडवणाऱ्या रबराचा) कंस यांतले अंतर मोजायचे आणि मग तक्त्यातून त्या उंचीचा आकडा घ्यायचा. उंची न विचारता काढलेला कोणताही आकडा या गाडीपुरता अपुराच ठरतो.

त्यामुळे कापलेल्या स्प्रिंगा ठेवून अलाइनमेंट करण्याचा विचार मी सोडला. त्यांच्या जागी अडीच इंचांचे ड्रॉप स्पिंडल आणि एक इंच आखूड अशा तयार स्प्रिंगा मागवल्या. ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाचा हब मुळातच वर बसवलेला असतो, म्हणून गाडी खाली येते, पण आर्म कारखान्यातल्या कोनातच राहतात. बेरीज तेवढीच, साडेतीन इंच. मागे नवे तीन इंचांचे पोलादी ठोकळे, नव्या मधल्या पिना आणि नवे यू-बोल्ट घातले, जेणेकरून पुढच्या-मागच्या उतारात फक्त अर्ध्या इंचाचा फरक उरावा.

या कामात माझे तीन शनिवार गेले. कारखान्यातून आलेले वरचे बॉल जॉइंट आर्मला रिव्हेटने ठोकलेले असतात. त्यांचे माथे ग्राइंडरने उडवून, ड्रिल मारून, पंचने बाहेर काढावे लागतात आणि नवे जॉइंट बोल्टाने बसवावे लागतात. पहिल्या आर्मच्या चार रिव्हेटांना दोन तास लागले, दुसऱ्याच्या चारांना चाळीस मिनिटे. स्प्रिंग काढताना ती आर्ममधून साखळीने बांधून घेतली, कारण दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस वाचत नाही. हे काम कोणीही एकट्याने करू नये, आणि मी केले नाही.

त्यानंतर तिसरे दुकान शोधले. शहराच्या पूर्वेला, जड ट्रकांच्या चासी आणि ॲक्सल सरळ करणारा एक जुना वर्कशॉप आहे. तिथला साठीचा, मोजके बोलणारा कारागीर माझी गाडी बघून पहिल्यांदा म्हणाला, “ही गाडी प्रदर्शनात उभी करायची आहे की रोज चालवायची आहे?” रोज चालवायची आहे, असे म्हटल्यावर त्याने मला हवे असलेले आकडे कागदावर लिहून मागितले. मी लिहिले: कॅम्बर उणे अर्धा अंश, कॅस्टर चार, एकूण टो-इन (चाकांची तोंडे आत) १/१६ इंच. कॅस्टरच्या आकड्यावर त्याने पेन्सिलीने गोल काढला आणि म्हणाला, “बघू, गाडी काय देते ते.”

रॅम्पच्या तोंडाशी त्याने दोन जाड लाकडी फळ्या टाकल्या आणि गाडी न घासता वर गेली. मग त्याने टायरांतली हवा बघितली, चालकाच्या जागेवर माझ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवल्या, पुढचा बंपर दोन-तीनदा दाबून सोडला आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत फूटपट्टीने मोजून वहीत लिहिली. एवढे झाल्यावर मशीनची निशाणे चाकांवर चढली. कॅस्टर थेट मोजता येत नाही. ब्रेक दाबून ठेवून चाके फिरत्या तबकड्यांवर डावीकडे आणि उजवीकडे ठरावीक अंश वळवावी लागतात आणि त्यात कॅम्बर किती बदलला यावरून मशीन कॅस्टर काढते.

खरे काम यानंतर सुरू झाले. वरच्या आर्मचा दांडा चासीच्या कंसाला दोन बोल्टांनी धरलेला असतो आणि मध्ये पत्र्याच्या खाचदार पट्ट्या असतात. उद्यमनगरात त्यांना पॅकिंगच म्हणतील. दोन्ही बोल्टांवर सारखी पॅकिंग बदलली की आर्म आत-बाहेर सरकतो आणि कॅम्बर बदलतो. एका बोल्टावरची काढून दुसऱ्यावर घातली की आर्मचे टोक पुढे-मागे होते आणि कॅस्टर बदलतो. एक्झॉस्टच्या नळ्यांमुळे उजवीकडच्या मागच्या नटापर्यंत पाना पोहोचत नव्हता. त्याने लांब दांड्याला दोन वाकणारे जोड लावले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि डोळे मिटून तो नट सैल केला. पत्र्याच्या डब्यात १/३२, १/१६ आणि १/८ इंचांच्या पट्ट्या वेगवेगळ्या होत्या; तो बोटांनी चाचपून उचलत असे, आकडा बघत नसे. दर बदलानंतर नट पूर्ण आवळूनच पुन्हा माप घेई, कारण सैल नटावरचा आकडा आवळल्यावर तसाच राहत नाही.

कॅस्टर चार अंश मिळाला नाही. डावीकडे २.८ आणि उजवीकडे ३.२ वर पॅकिंगची मुभा संपली. त्यापुढे जायचे तर वेगळे आर्म घ्यावे लागले असते. दोन बाजूंतला ०.४ चा फरक त्याने मुद्दाम ठेवला होता. इथे गाड्या उजवीकडून चालतात आणि रस्ता उजवीकडे उतरता असतो. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, म्हणून डावीकडे थोडा कमी ठेवला की तो उतार भरून निघतो. कॅम्बर दोन्हीकडे उणे ०.४ ते ०.५ वर आला. मागच्या ॲक्सलची दिशा मशीनवर जवळजवळ शून्य दिसली आणि मला माझ्या दोरीचा अभिमान वाटला. शेवटी स्टिअरिंग सरळ अडकवून त्याने दोन्ही टाय रॉडच्या नळ्या फिरवून टो जुळवला. पूर्ण कामाला साडेतीन तास लागले आणि पैसे पहिल्या दुकानाच्या जवळपास दुप्पट पडले.

आय-१० महामार्गावरून ब्रुकशायर गावापर्यंत जाऊन आलो. ताशी ७० मैलांवर स्टिअरिंग सोडले तर गाडी आपली लेन सोडत नव्हती आणि उड्डाणपुलांच्या सांध्यांवरचा तो झटका गेला होता. स्टिअरिंगचे चाक मात्र आता अगदी केसभर उजवीकडे होते. परत येऊन सांगितले, तेव्हा त्याने दोन्ही नळ्या सारख्याच, पण एकमेकींच्या विरुद्ध परिणाम होईल अशा थोड्या फिरवल्या. टो तोच राहिला आणि चाक मध्यावर आले. त्याचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत.

नव्या स्प्रिंगा बसतात, म्हणून त्याने सहाशे मैलांनंतर पुन्हा बोलावले होते. वहीतल्या उंचीशी ताडून पाहिले, तर डावा कोपरा पाव इंच खाली आला होता आणि त्या बाजूचा कॅम्बर उणे ०.७ झाला होता. दोन्ही बोल्टांवरची १/३२ इंचाची एकेक पट्टी बदलून तो उणे अर्ध्यावर आला, टो पुन्हा तपासला गेला आणि नव्या टायरांच्या आतल्या कडेवर मी पांढऱ्या खडूने खुणा करून ठेवल्या. सहा हजार मैलांनंतर दोन्ही कडांची खोली खोलीमापकाने मोजली. आत आणि बाहेर फरक सापडला नाही. आप्पांना फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी पिकअपविषयी काहीच न विचारता ओळंबा कुठला वापरला तेवढे विचारले.