रोआनोकवरचे लांडगे कुठे गेले?

‘द लास्ट कॉलनी’ या कादंबरीला लष्करी विज्ञानकथा म्हणायचं की नाही, यावरून आमच्या गच्चीवर जे वाजलं ते इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या निम्म्या गल्लीने ऐकलं असणार. भाच्याचं म्हणणं, ज्या पुस्तकात नायक बहुतेक वेळ बैठका घेतो आणि लोकांची भांडणं सोडवतो ते लष्करी कसलं? कर्नलसाहेबांचं म्हणणं, या मालिकेत फौजेबद्दल सगळ्यात खरं बोलणारं पुस्तक हेच. आत्याबाईंना दोघांचंही पटलं नाही. त्यांना शेळ्यांचं प्रकरण आवडलं.

ज्यांना पुस्तक वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबा, कारण पुढे सगळं फोडणार आहे.

मालिका अमेरिकन लेखक जॉन स्कॉल्झीची. पहिला भाग ‘ओल्ड मॅन्स वॉर’ २००५चा. त्यात पंचाहत्तरी गाठलेली माणसं पृथ्वी कायमची सोडून वसाहतींच्या फौजेत भरती होतात. तिथे त्यांचं मन एका नव्या, तरुण, हिरव्या कातडीच्या शरीरात घालतात आणि परग्रहवासीयांशी लढायला पाठवतात. हे पुस्तक आत्याबाईंना (ह्यांच्या आत्या, वय ७८, दोन्ही गुडघे बदललेले) मीच टॅबवर अक्षर मोठं करून दिलं होतं. दहा वर्षांत चारातले तीन मरणार, असं भरती झालेल्यांना सांगतात, त्या पानावर थांबून त्या म्हणाल्या, “त्यात काय, आमच्या भिशीचा हिशोब याहून वाईट आहे.” जॉन पेरी नावाच्या त्या म्हाताऱ्या सैनिकाला त्यांनी तेव्हाच पसंत केलं. २००६चा ‘द घोस्ट ब्रिगेड्स’ मात्र त्यांनी अर्ध्यावर सोडला, कारण त्यात पेरी नाही.

तिसऱ्या भागात, म्हणजे २००७च्या ‘द लास्ट कॉलनी’त तो परत येतो. फौजेतून सुटलाय, साधं माणसाचं शरीर मिळालंय, बायको जेन आणि दत्तक मुलगी झोई यांच्याबरोबर हकलबेरी नावाच्या ग्रहावर राहतो. गावाचं नाव न्यू गोवा. वस्ती भारतीयांची. या मालिकेचा नियमच तसा आहे: वसाहतीत घर करायला जायचं तर भारतासारख्या गर्दीच्या, गरीब देशांतल्यांनी, अमेरिकनांना अंतराळात जायचा रस्ता फक्त फौजेतून. “म्हणजे ते लढणार आणि आपण शेळ्या पाळणार,” भाचा म्हणाला. अगदी तसंच आहे. पेरी तिथे तक्रार निवारण अधिकारी आहे आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच चेंगलपेट नावाच्या दोन भावांचं शेळी-बोकडावरून चाललेलं भांडण त्याच्यापुढे येतं. त्याची मदतनीस सावित्री गुंटुपल्ली. आडनाव तेलुगू, भाऊ तमिळनाडूतल्या गावाच्या नावाचे, आणि गाव गोवा. मला तरी तिथे एकही कामत किंवा नाईक भेटला नाही. पण सावित्री साहेबाला ज्या थंडपणे टोमणे मारते ते वाचून आत्याबाई खूश. आमच्या घरात असा आवाज त्यांचाच आहे.

तक्रार एक सगळ्यांचीच होती. या पुस्तकात सगळेच हजरजबाबी. सेनापती, शेतकरी, परग्रहवासी, सोळा-सतरा वर्षांची पोर, कुणीही तोंड उघडलं की नेमका टोला हाणतं. “सगळे एकाच वाड्यात वाढल्यासारखे बोलतात,” आत्याबाई म्हणाल्या. लेखक पूर्वी वर्तमानपत्रात सिनेमाची परीक्षणं लिहायचा, हे सांगितल्यावर भाच्याने “मग बरोबर” म्हणून सेव-परमलचा वाडगा स्वतःकडे ओढला.

कर्नलसाहेबांची ओळख करून द्यायला हवी. मूळचे साताऱ्याकडचे, सिग्नल्समधले, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागातले. महूच्या दूरसंचार महाविद्यालयात शिकवायला आले आणि निवृत्तीनंतर तिथेच घर बांधलं. पुस्तक वाचताना समासात पेन्सिलीने खुणा करतात, आणि पटलं नाही की फक्त उद्गारचिन्ह काढतात. त्यांची प्रत पाहिली तर पहिल्या शंभर पानांत उद्गारचिन्हांची रांग लागली आहे. मग रोआनोक आलं आणि खुणा बदलल्या.

रोआनोक ही नवी वसाहत. अडीच हजार लोक घेऊन पेरी आणि जेन निघतात आणि पोहोचल्यावर कळतं की सांगितलेला ग्रह हा नव्हेच. परत जायचा मार्ग बंद, आणि वर हुकूम: बिनतारी चालणारं काहीही सुरू करायचं नाही. शेकडो प्रजातींचा कॉन्क्लेव्ह नावाचा संघ आहे, त्याने इतरांच्या नव्या वसाहतींवर बंदी घातली आहे आणि तो या लोकांना शोधतोय. एक लहर जरी बाहेर गेली तरी पत्ता लागेल. मग शेती करायची कुणाच्या जिवावर? तर यंत्रांशिवाय राहायची सवय असलेल्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांच्या.

भाच्याला हा भाग कंटाळवाणा वाटला. कर्नलसाहेब मात्र खुर्चीत पुढे सरकले. “ताई, रेडिओ सायलेन्स म्हणजे काय हे लोकांना समजतच नाही. संदेश कळला नाही तरी चालतो. सेट चालू झाला, एवढंच शत्रूला पुरतं. दोन ठिकाणांहून दिशा घेतली की रेघा जिथे कापतात तिथे तुम्ही.” आणि मग म्हणाले की यंत्र बंद करणं सोपं, माणसाला बंद करणं अवघड, कुणी ना कुणी बायकोला बरं आहे एवढंच कळवायला सेट चालू करतो. लेखकाने कधी वर्दी घातलेली नाही, तरी हे त्याला कळलंय, याचं त्यांना फार अप्रूप.

पण ते खरे पेटले ते चित्रफितीवरून. पेरीला आधी एका फितीत कॉन्क्लेव्ह एक वसाहत भाजून काढताना दाखवतात. पुढे झोईचे अंगरक्षक असलेल्या, ओबिन नावाच्या परग्रहवासीयांकडून त्याला तीच फीत पूर्ण बघायला मिळते. कापलेल्या भागात कॉन्क्लेव्हचा सेनापती गाउ त्या वसाहतीच्या प्रमुखाशी शांतपणे बोलतोय: लोकांना घेऊन निघून जा, आम्ही पोहोचवतो, नाहीतर आमच्यात सामील व्हा. नकार मिळाल्यावरच तो आग लावतो. आपल्याच सरकारने आपल्याच प्रमुखाला अर्धी फीत दाखवून कामाला लावलं. “शत्रू खोटं बोलला तर तो त्याचं काम करतोय,” कर्नलसाहेब म्हणाले. “पण ब्रीफिंगमध्ये कात्री लावली तर मी कुणाला काय सांगून पुढे न्यायचं?” एवढं बोलून ते गप्प झाले. आम्हीही विचारलं नाही. त्यांच्या प्रतीत त्या पानावर उद्गारचिन्ह नाही, उभी रेघ आहे, आणि कागद फाटेल इतकी दाबून ओढलेली.

भाच्याला हवी ती लढाईही तिथेच येते, आणि ती लढाई नसतेच. गाउ रोआनोकवर येतो तो ४१२ जहाजं घेऊन, संघातल्या प्रत्येक प्रजातीचं एक. पेरी त्याला विनवतो की जहाजं परत पाठव. तो ऐकत नाही, आणि त्याचं स्वतःचं सोडून सगळ्या जहाजांवर वसाहतींच्या फौजेने आधीच चोरून लावलेली स्फोटकं फुटतात. रोआनोक हे मुळात आमिष होतं. भाच्याचा आक्षेप रास्त: एवढी जहाजं एका ग्रहाभोवती दाटीने कोण उभी करतं? कर्नलसाहेबांनी उत्तर दिलं, पण त्यात सेनापतीची बाजू नव्हती, राजकारण्याची होती. गाउ लढायला आलेलाच नाही. सगळे सभासद आपल्या मागे आहेत हे दाखवायला आलाय, म्हणून प्रत्येकाचं एक जहाज. परेडला माणूस दाटीनेच उभा राहतो.

मग विषय रॉबर्ट हाइनलाइन या जुन्या विज्ञानकथाकारावर गेला, तो जाणारच होता. ‘स्टारशिप ट्रूपर्स’, १९५९. भाच्याच्या मते लष्करी विज्ञानकथा ती. हाइनलाइन अमेरिकेच्या नौदल अकादमीतून १९२९ साली बाहेर पडलेला आणि क्षयामुळे १९३४ साली निवृत्त झालेला. त्याच्या उलट जो हाल्डमन, व्हिएतनाममध्ये जखमी होऊन परतला आणि १९७४ साली ‘द फॉरेव्हर वॉर’ लिहिलं. कर्नलसाहेब म्हणाले, या तिघांत जखम घेऊन आलेला एकच, आणि युद्धाचं कौतुक सगळ्यात कमी त्याच्याच पुस्तकात. भाच्याने यावर काही म्हटलं नाही. तो मोबाइलवर ‘द फॉरेव्हर वॉर’ची किंमत बघत होता.

आता लांडगे. रोआनोकवर मूळचे प्राणी आहेत, लांडग्यासारखे दिसणारे, हत्यारं करणारे, म्हणजे बुद्धी असलेले. ते वसाहतीतल्या काही माणसांना मारतात, चकमक होते, आणि मग पुस्तकातून गायब. पुढे सेनापती येतात, खटला चालतो, आकाशात जहाजं फुटतात, पण ज्यांच्या जमिनीवर हे सगळं चाललंय त्यांचं कुणी नावही घेत नाही. जगभरच्या वाचकांनी स्कॉल्झीला यावरून धारेवर धरलं. झोईला ऐन वेळी वसाहत वाचवणारं यंत्र मिळालं कुठून, हाही प्रश्न होताच. त्याने तक्रार मनावर घेतली आणि २००८ साली हीच गोष्ट झोईच्या तोंडून पुन्हा लिहिली, ‘झोईज टेल’ नावाने. वाचकांच्या कुरकुरीवर अख्खी कादंबरी लिहिणारा लेखक मला दुसरा माहीत नाही. आमच्याकडे लेखक कुरकुरीवर प्रस्तावना लिहितात.

भाचा याला सरळ चूक म्हणतो: धागा सुटला, लेखकाने नंतर ठिगळ लावलं. असेल. पण मला त्या गायब होण्याचा राग आला तो वेगळ्या कारणाने, आणि त्याला हे शहर जबाबदार आहे.

आम्ही इंदूरचे मराठी म्हणजे तरी कोण? फौजेमागून आलेली माणसं. आमच्या घराण्याचा मूळपुरुष होळकरांच्या लष्कराबरोबर दफ्तर सांभाळायला माळव्यात आला, असं घरी सांगतात. दफ्तरवाल्यामागून भटजी आला, सोनार आला, लग्नाची मुलगी देशावरून आली, आणि वसाहत झाली. पुढे १८१७च्या डिसेंबरात महिदपूरला होळकर हरले, जानेवारी १८१८त मंदसौरचा तह झाला आणि इंग्रजांची छावणी महूला बसली. आम्ही मात्र होतो तिथेच राहिलो. आमच्या घरातल्या कहाण्यांत मल्हारराव आहेत, अहिल्याबाई आहेत, यशवंतराव आहेत. भिल्ल एकदाच येतात, वाट अडवणारे म्हणून, आणि मग लांडग्यांसारखे गोष्टीतून निघून जातात. सातपुडा आणि विंध्यातले भिल्ल आमच्या आधी किती काळ इथे होते, हे आमच्या एकाही कहाणीत नाही.

म्हणून मला स्कॉल्झीची चूक चुकीपेक्षा खरी जास्त वाटते. वसाहत वसवणारे आपली गोष्ट सांगतात तेव्हा ती अशीच सांगतात. पेरी चांगला माणूस आहे, सज्जन, विनोदी, बायकोवर जीव असलेला, सरकारचं खोटं चव्हाट्यावर आणायला शेवटी थेट पृथ्वीवर जाऊन उभा राहणारा. आणि त्याला लांडगे आठवत नाहीत. झोईच्या पुस्तकात तिची आणि तिच्या मित्रांची त्यांच्याशी समोरासमोर गाठ पडते आणि ती पोरं तिथल्या तिथे प्रकरण मिटवतात. हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या की अहिल्याबाईंनी दुसरं काय केलं होतं? वाटेवरचा कर घ्यायचा भिल्लांचा हक्क, भिलकवडी, मान्य केला आणि बदल्यात वाटसरूंची राखण त्यांच्याच गळ्यात घातली. कर्नलसाहेबांनी वहीत लिहून घेतलं.

भाच्याने मला सुनावलंच: “मावशी, लेखक विसरला आणि तू त्याला इतिहास चिकटवतेस.” त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मला ते शोधायचंही नाही. लेखकाच्या मनात काय होतं ते लेखक बघेल; पुस्तक मी इंदुरात बसून वाचलं.

लष्करी की नाही, हा मुद्दा मतदानाला टाकायचा ठरला होता, पण तोपर्यंत चहा आला आणि कर्नलसाहेबांना महूची बस गाठायची होती. ‘झोईज टेल’ची प्रत एकच आहे आणि ती आत्याबाईंनी पिशवीत घातली आहे. भाच्याची कुरकुर चालू आहे की तीच गोष्ट परत कशाला वाचायची. आत्याबाई म्हणतात, फक्त नवऱ्याची बाजू ऐकून कुणी निकाल देतं का?