धुऱ्यावरचे निंब

मृग लागला की पाऊस येईनच याची गॅरंटी आता राहिली नाही. कृषी विभाग दरवर्षी सांगते, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, पण शेजाऱ्यानं तिफण काढली की आपला जीव घरी राहते का? मग पेरा, मग उघाड, मग दुबार पेरणी अन् बियाण्याची उधारी.

मले जास्त चीड येते ती धुऱ्याची, म्हणजे वावराच्या बांधाची. ट्रॅक्टरले अडचण होते म्हणून कडूनिंब-बाभळी तोडल्या, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या, अन् मे महिन्यात बैलासाठी सावली शोधत फिरतो (बैल तरी कुठं उरले म्हणा). हवा तापली त्याचा सगळा दोष शेतकऱ्याचाच नाही, चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं वीज केंद्र कोळशावरच चालते ना.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, बांबू गावच विकते. आमच्याकडं जंगल नाही, धुरे आहेत. यंदा आपोआप उगवलेल्या निंबाले काट्या लावल्या, बकऱ्या लय वस्ताद, अन् पऱ्हाटी न जाळता श्रेडरनं बारीक करून वावरातच टाकली, खर्च लागला, घरी बोलणे बी खाल्ले. श्रेडर भाड्यानं मिळते, पण आधीच सांगून ठेवा, नंबर लवकर लागत नाही.