सातबाऱ्यावर नसलेली खाण

वणी तालुक्यात, वर्धा नदीच्या अंगाला तलाठी म्हणून माझा साजा. अतिवृष्टीचे पंचनामे चालू असतानाच कोतवालाचा फोन आला, "साहेब, एका वावरात भगदाड पडलं. तळ दिसून नाही राह्यला."

गेलो तर पऱ्हाटीच्या ऐन मधोमध जमीन सरळ खाली गेलेली. वर काळ्या मातीचा जाड थर, त्याखाली पिवळट वाळूखडक आणि मग नुसता अंधार. काठावरची झाडं बोंडांसकट आत लोंबत होती. कोमट, कोंदट हवा तोंडावर येत होती. कास्तकार डोकावायला पुढे सरकला, तशी मागून हाक आली, "पाय नको टाकू रे तिकडं! खाली समदं पोकळ हाय."

हाक मारणारे काका कोळसा खाणीतले निवृत्त ओव्हरमन, म्हणजे खाली कामावर देखरेख ठेवणारे. विडी पेटवणाऱ्या एका पोराच्या हातातली काडेपेटी त्यांनी आधी काढून घेतली. बंद खाणीत कुठला वायू साचला असेल, याचा भरवसा नसतो. मग आम्हाला धुऱ्याधुऱ्याने नदीच्या उंच कडेवर नेलं. तिथे बाभळीत दडलेली खाणीत हवा खेळवणाऱ्या पंख्याची इमारत आणि इन्क्लाईनचं, म्हणजे खाणीत उतरत जाणाऱ्या तिरप्या बोगद्याचं, विटांनी बुजवलेलं तोंड. गावातल्या तरुणांना ती शेळ्या बसवायची जागा म्हणूनच ठाऊक.

ओल्या मातीत काठीने चौकोन काढत काका सांगू लागले. भुयारी खाणीत कोळशाचे खांब राखून मधला कोळसा काढतात. खाण बंद झाली की पोकळीत पाणी भरतं आणि छताला तेवढाच आधार होतो. जवळपास उपसा होऊन पाणी उतरलं की तो आधार जातो, छत थराथराने गळू लागतं. फुटलेला दगड अखंड दगडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून खोल खाणीतली पोकळी वर येता येता स्वतःच बुजते. उथळ खाणीत मात्र ती थेट वावरापर्यंत पोचते. वरून पावसाने माती जड झाली, की मग काय उरतं?

परत येताना ते शेजारच्या वावरात थबकले. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पण चहूकडे, वेड्यावाकड्या. ही भेग एकच, कमानीसारखी वळलेली, भर पावसाळ्यात. आणि तिची आतली कड बोटभर खाली बसलेली. "बैल सोडा पयले," काका म्हणाले. गोठा त्या कमानीच्या आतच होता. जनावरं काढली, दोर बांधून रस्ता बंद केला. दुपारी जमीन बसली. आवाज फारसा नव्हता, पोतं टाकावं तसा धप्प. गोठ्याचा अर्धा भाग गेला.

नदीपलीकडे घुग्घुसला 2022 च्या ऑगस्टमध्ये आमराई वार्डातलं अख्खं घर असंच जमिनीत गेलं होतं. माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. ते आठवून माझे हात थरथरत होते.

पंचनाम्याच्या नमुन्यात पूर, गारपीट, वीज, सगळं आहे. खाणीमुळे जमीन खचणं नाही. 'इतर'मध्ये लिहिलं, भेगेची लांबी टेपने मोजून, दिशा, पंख्याच्या इमारतीपासूनचं अंतर, सगळं नोंदवलं. खाण बंद करताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यायचा नियम आहे, आणि त्याचं मुख्यालय धनबादला. इथल्या सातबाऱ्यावर मात्र एक ओळ नाही. जमीन घेणारा विहिरीची, झाडांची नोंद बघतो; पायाखालच्या बोगद्याची नोंद त्याला कोण दाखवणार? ती 'इतर हक्का'त यायलाच हवी, असं मी अहवालात स्वतंत्र परिच्छेद करून लिहिलं.

संध्याकाळी कास्तकाराने विचारलं, "साहेब, उरलेल्या ओळींतला कापूस तरी येचता येईन का?" सप्टेंबर होता, बोंडं फुटायला अजून अवकाश. जमीन तपासून होईपर्यंत दोराच्या आत कुणीही जायचं नाही, असं त्याच्याकडून आणि त्याच्या आईकडूनही कबूल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन ग्रामपंचायतीत बसलो आणि त्यांना आठवतील तेवढ्या जुन्या बोगद्यांच्या रेषा गावनकाशाच्या प्रतीवर लाल पेन्सिलीने ओढून घेतल्या.